पाना-पक्कड : गरम पाण्याच्या लाइनीचे सांधे

थंडी पडली की कोल्हापुरात दोघांना उसंत नसते, गुऱ्हाळवाल्याला आणि गीझर जोडणाऱ्याला. या महिन्यातली बहुतेक पत्रं गरम पाण्याच्या लाइनीचीच आहेत. फ्लशच्या टाकीवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : आमचं तीस वर्षांचं दोन मजली घर आहे. न्हाणीघरं नव्यानं करतोय. जुनी जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाइन काढली तर पाऊण इंची पाईपात पेन्सिलसुद्धा जाईना. गच्चीवर काचेच्या नळ्यांचं सोलर आहे. मिस्त्री म्हणतात, सगळीकडं सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिक पाईप, घाला. आमचे मालक म्हणतात, लोखंड ते लोखंड, जीआयच पाहिजे. कुणाचं ऐकू?
(एक गृहिणी, राजारामपुरी)

उत्तर : ताई, दोघांचंही निम्मं निम्मं ऐका. भिंतीतून जाणारी लाइन सीपीव्हीसीची करा आणि सोलरच्या टाकीजवळचा तुकडा लोखंडी ठेवा.

तुमच्या जुन्या पाईपात साठलंय त्यात गंज आहेच, पण घरात बोअरचं पाणी येत असेल तर क्षार त्याहून जास्त असणार. पाणी साठ अंशांच्या वर गेलं की त्यातला चुना भराभर सुटतो आणि लोखंडाच्या खरबरीत अंगाला धरून बसतो. जीआयवर जस्ताचा जो मुलामा असतो तो थंड पाण्यात लोखंडाची राखण करतो. जास्त गरम पाण्यात मात्र तो भरवशाचा राहत नाही, कधीकधी जस्त तसंच राहतं आणि लोखंडच आधी खाल्लं जातं. सीपीव्हीसीला हा त्रास नाही, कारण ते गंजत नाही आणि आतून गुळगुळीत असतं. इथवर मिस्त्री बरोबर.

आता मालकांची बाजू. सीपीव्हीसीची मर्यादा ९३ अंशांची. गीझरचा थर्मोस्टॅट ठीक असेल तर पाणी तिथवर जात नाही, पण सोलरला थर्मोस्टॅट नसतो. चैत्रात चार दिवस गावी जत्रेला जाऊन आलात तर टाकीतलं पाणी उकळीला आलेलं असतं. म्हणून टाकीच्या तोंडापासून पाच-सहा फूट जीआय घाला, आणि तेही सी क्लास. जीआय पाईपवर रंगाचा पट्टा असतो. पिवळा म्हणजे हलका ए क्लास, निळा म्हणजे मधला बी, तांबडा म्हणजे जड सी. तांबडा पट्टा बघून आणायचं काम मालकांकडं द्या, त्यांचीही हौस भागेल. हा तुकडा गच्चीवर उघड्यावर असतो, त्यामुळं पुढं कधी बदलायचा झाला तर फरशी फुटत नाही. आणि हो, गावाहून आल्याबरोबर खालचा नळ सोडू नका. आधी गच्चीवर जाऊन सोलरच्या टाकीची खालची तोटी उघडा, थोडं पाणी जाऊ द्या आणि थंड भरू द्या. लाइन वाचते आणि हातही भाजत नाही.

भिंतीतल्या लाइनीला एसडीआर ११ चा पाईप मागा. दुकानदार १३.५ चा दाखवील, तो स्वस्त पडतो. पाईपचा बाहेरचा व्यास भागिले त्याच्या अंगाची जाडी म्हणजे हा आकडा, तेव्हा आकडा लहान तेवढा पाईप जाड. एसडीआर ११ चा पाईप ८२ अंशांच्या पाण्यातही सात किलोच्या आसपास दाब सोसतो. तुमच्या घरात दाब किती? पाण्याच्या दहा मीटर उंचीला एक किलो. गच्चीवरच्या टाकीपासून तळमजल्याच्या नळापर्यंत धरलं तरी किलोच्या आगेमागेच. एवढ्यानं पाईप फुटत नाही. मी तीस वर्षांत जे फुटलेलं पाहिलं ते बहुतेक सांध्याला.

माझाच किस्सा सांगतो. सीपीव्हीसी आपल्याकडं नवीन होतं तेव्हाची गोष्ट. मंगळवार पेठेतल्या एका घरी गीझरखाली मी साधा, प्लास्टिकच्याच आट्यांचा एफटीए, म्हणजे आतून आटे असलेला जोड, लावला. पितळी आट्यांचा दुकानात होता, पण महाग, आणि गिऱ्हाईक सकाळपासून ‘बिल किती झालं’ म्हणून मागं लागलेलं. त्यात जीआयचा निप्पल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा तुकडा) फिरवला, टेप भरपूर गुंडाळली आणि वर पाईप-पान्यानं अजून एक आटा ताणला. चार महिने थेंब गळाला नाही. मग नरकचतुर्दशीच्या पहाटे, घरातलं पोर उटणं लावून पाटावर बसलेलं, गीझर रात्रीपासून चालू, आणि एफटीए उभा चिरला. खालच्या बिऱ्हाडातल्या फराळाच्या डब्यांवर छतातून पाणी. चिवडा गेला, शेव गेली, करंज्या तेवढ्या वाचल्या. मी तसाच पाना घेऊन धावलो. आमच्या घरचं अभ्यंगस्नान त्या वर्षी दुपारी बारानंतर झालं, ते बायको अजून काढते.

लोखंडी निप्पलचे आटे टोकाकडं निमुळते असतात. जितका फिरवाल तितका तो पाचरीसारखा घुसतो आणि भोवतीचं प्लास्टिक ताणून धरतो. थंडगार असताना ते प्लास्टिक सोसतं. पाणी तापलं की नरम पडतं, निवलं की आकसतं, आणि रोजच्या या ओढाताणीत एक दिवस चीर जाते. तेव्हा ताई, जिथं जिथं सीपीव्हीसी धातूला भेटतं, म्हणजे गीझर, वॉल मिक्सर, अँगल कॉक आणि गच्चीवरचा तो जीआयचा तुकडा, तिथं पितळी आट्यांचाच एफटीए नाही तर एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड). नळाच्या प्रत्येक पॉइंटला ब्रास एल्बो. असे पॉइंट तुमच्या दोन न्हाणीघरांत मिळून पंधरा-वीस भरतील. बचत करायची तर टाइलमध्ये करा, इथं नको.

दोन गोष्टी मिस्त्रींना सांगा. गरम लाइन लांबते. दहा मीटर सीपीव्हीसी चाळीस अंशांनी तापलं तर जवळजवळ एक इंच वाढतं. क्लॅम्प आवळून टाकले तर ती वाढ एल्बोवर येते. उभ्या लाइनीत मध्ये एक वळसा द्या, आणि क्लॅम्प असा असावा की पाईप हातानं मागंपुढं सरकेल. दुसरं, गच्चीवर सीपीव्हीसी उघडं ठेवू नका. उन्हानं ते ठिसूळ होतं. लाइनीवर फोमची नळी चढवा आणि वरून उन्हाला टिकेल असं आवरण घाला. पाणीही गरम राहील.

टाइल लावायच्या आधी हातपंपानं दाब चढवून टेस्टिंग करून घ्या. सांधे चिकटवायचं सोल्युशन लावल्यावर मी रात्रभर लाइन तशीच सोडतो आणि दुसऱ्या दिवशी सात किलो चढवून दोन तास काटा बघत बसतो. या दोन तासांत मिस्त्रींना चहा द्या, पण ‘झालं का’ म्हणून विचारू नका.

प्रश्न : लक्ष्मीपुरीत एका दुकानात पितळी बॉल व्हॉल्व्ह एका भावाला आणि चार दुकानं सोडून तसाच दिसणारा जवळजवळ निम्म्या भावाला. दुकानदार म्हणतो, ‘पितळ ते पितळ.’ खरंच फरक असतो का?
(एक वाचक, कागल)

उत्तर : प्लंबिंगच्या आधी चार वर्षं मी उद्यमनगरात फौंड्रीत होतो, त्यामुळं या प्रश्नावर जरा जास्तच बोलणार.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पण ते कुठून आलं, किती प्रमाणात आलं आणि वितळताना त्यात आणखी काय पडलं, हे वरच्या चकाकीवरून कळत नाही. भंगार वितळवून, घाण नीट न काढता ओतलेल्या मालात बारीक भोकं राहतात. त्याला आम्ही ब्लो होल म्हणायचो. वरून पॉलिश किंवा क्रोम चढलं की ती दिसत नाहीत. मग वर्षभरानं व्हॉल्व्हच्या अंगातूनच घाम फुटल्यासारखं पाणी पाझरतं, आट्यातून नव्हे, अंगातून. गिऱ्हाईक टेप बदलून बदलून थकतं.

दुसरा रोग धीमा आहे. जस्त जास्त असलेल्या पितळातून, खाऱ्या आणि गरम पाण्यात, जस्त हळूहळू निघून जातं आणि मागं तांब्याचा स्पंज राहतो. बाहेर पांढरी भुकटी दिसते, आतून धातू तांबूस आणि ठिसूळ होतो. असा नळ काढायला गेलात की पान्याबरोबर तुटून निम्मा हातात येतो आणि निम्मा भिंतीत राहतो. भिंतीतला निम्मा काढण्याचं काम मी माझ्या वैऱ्यालाही सांगणार नाही.

दुकानात उभं राहून काय बघाल? पहिलं वजन. एका मापाचे दोन व्हॉल्व्ह दोन हातांत घ्या, फरक हातालाच कळतो. दुसरं म्हणजे खिशात चुंबक ठेवा. पितळाला चुंबक चिकटत नाही. अंगाला चिकटला तर ते लोखंड आहे, दुकानदाराला नमस्कार करून निघा. (हँडल लोखंडी असतं, तिथं चिकटणारच, त्यावरून भांडू नका.) तिसरं, लिव्हर उघडून आरपार बघा. गोळ्याचं भोक पाईपाएवढं असायला हवं. बाहेर पाऊण इंच आणि आत बोटाचं पेरही जाईना, असे व्हॉल्व्ह सर्रास मिळतात. सोलरच्या लाइनीला आधीच दाब कमी, त्यात असा गळा आवळला की वरच्या मजल्यावर धार येत नाही आणि नाव सोलरवाल्याचं खराब होतं. चौथं, आटे मोजा. पूर्ण, धारदार, पाच-सहा आटे तरी हवेत.

ठोकून घडवलेला, म्हणजे फोर्ज्ड, माल मिळाला तर ओतीवापेक्षा तो घ्या. त्यात भोकं राहत नाहीत, अंग दाट असतं. आणि सीपीव्हीसीचा पितळी एफटीए घेताना आतल्या पितळी नळीच्या बाहेरच्या अंगाला खाचा आहेत का ते विचारा. ती नळी बाहेरून गुळगुळीत असेल तर पाना लावल्यावर प्लास्टिकच्या आत नुसती फिरते, आणि मग गळती बंद करायला देवही खाली येत नाही.

पाईप घेताना आयएसआयचा शिक्का बघा. जीआयला आयएस १२३९, सीपीव्हीसीला आयएस १५७७८. शिक्क्याजवळ सीएम/एल असं लिहून परवान्याचा क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाच्या मोबाईल ॲपमध्ये तो टाकला की परवाना कुणाचा, कुठल्या मालाचा, चालू आहे की संपला, ते दिसतं. गेल्या महिन्यात एका दुकानात मी तसं केलं तर दुकानदारानंच मोबाईल मागून घेतला आणि आपला निम्मा माल तपासला.

प्रश्न : काका, टेफ्लॉन टेप चांगली की जुन्या लोकांची सुतळी आणि सफेदा?
(नवशिका प्लंबर, इचलकरंजी)

उत्तर : जीआयला जीआय असेल तर सुतळी-सफेदा आजही बिनतोड. सीपीव्हीसी जवळ असेल तिथं फक्त टेप. सफेदा तेलात कालवलेला असतो आणि काही तेलं सीपीव्हीसीला बारीक बारीक चिरा पाडतात. चिरा लगेच दिसत नाहीत, म्हणून म्हातारे मिस्त्री ऐकत नाहीत. टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळायची, नाही तर फिरवताना उलगडून बाहेर येते. आणि बाळा, पीव्हीसीचं सोल्युशन सीपीव्हीसीला वापरू नकोस. डबा सारखा दिसतो, काम वेगळं. पाईप काटकोनात काप, कड खरवड, पूस, मग दोन्हीकडं पातळ हात मार, पाव फेरा देऊन बसव आणि अर्धा मिनिट दाबून धर. जास्त लावलेलं सोल्युशन आत ओघळतं आणि पाईपलाच खातं.

प्रश्न : शॉवरला दाब येईना म्हणून थंड पाण्याच्या लाइनीला प्रेशर पंप बसवला. तेव्हापासून गच्चीवर सोलरच्या उभ्या, उघड्या पाईपातून पाणी ओसंडून वाहतं. पंपवाला म्हणतो सोलर खराब, सोलरवाला म्हणतो पंप खराब. एकानं त्या पाईपाला टोपी लावायचा सल्ला दिलाय. लावू का?
(सेवानिवृत्त शिक्षक, रुईकर कॉलनी)

उत्तर : सर, ती टोपी दुकानात परत करा. तो उघडा पाईप म्हणजे सोलरच्या टाकीचं नाक आहे. पाणी तापून वाफ झाली की तिथून बाहेर जाते, खाली नळ सोडला की तिथून हवा आत येते. नाक बंद केलं तर टाकी एक तर फुगेल, नाही तर आतली हवा ओढली जाऊन डब्यासारखी चेपेल. चेपलेली टाकी मी पाहिलीय, तेलाच्या रिकाम्या डब्यावर म्हैस बसावी तशी.

पंपही खराब नाही आणि सोलरही नाही. तुमच्या घरात बहुधा असं होतंय. थंड लाइनीला पंपाचा दाब, गरम लाइनीला फक्त उंचीचा. न्हाणीघरात हँडशॉवरच्या बटणानं पाणी बंद करता का? मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या आणि तोंड बंद, अशा वेळी जास्त दाबाचं थंड पाणी मिक्सरमधूनच गरम लाइनीत शिरतं, उलटं वर चढतं, सोलरची टाकी भरतं आणि नाकातून बाहेर येतं. आज संध्याकाळी मिक्सरच्या चाव्या घट्ट बंद करून गच्चीवर जा. वाहणं थांबलं तर चोर सापडला.

उपाय म्हणजे मिक्सरला येणाऱ्या गरम लाइनीवर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवायचा, पितळी आणि झडपेचा. स्प्रिंगवाला नको, गच्चीवरून येणाऱ्या कमी दाबाला तो अडतो. झडपेचा एनआरव्ही आडव्या पाईपवर, बाणाची दिशा बघून बसवा. दोन्ही पाण्यांना सारखाच जोर हवा असेल तर गरम पाण्याला चालणारा वेगळा पंप सोलरच्या पुढं, गरम लाइनीत टाकावा लागेल. पंपाचा दाब सोलरच्या टाकीवर कधीही येऊ द्यायचा नाही. तुमची टाकी त्यासाठी बनलेलीच नाही.

जाता जाता एक. ज्यांच्या घरी थंड लाइन साध्या यूपीव्हीसीची (फक्त थंड पाण्याच्या प्लास्टिकची) आहे त्यांच्याकडं याच वाटेनं, पण उलट दिशेनं, गरम पाणी थंड लाइनीत शिरतं. यूपीव्हीसी मऊ पडतं, वाकतं, सांधे सुटतात. गीझरच्या इनलेटलाही हेच होतं, वरची टाकी रिकामी झाली की गीझरमधलं गरम पाणी मागं येतं. म्हणून गीझरला येणाऱ्या थंड लाइनीचाही शेवटचा टप्पा मी सीपीव्हीसीचाच करतो.

प्रश्न : मुलगा जर्मनीत आहे. जुनं घर घेतलंय, हिवाळ्यात घर तापवायला भिंतीला लोखंडी रेडिएटर आहेत. सांधे बदलायचेत. इकडून चांगले पितळी फिटिंग आणि जीआयचे तुकडे नेऊ का, असं विचारतो. तिकडं मजुरी फार आहे म्हणे.
(एक वडील, ताराबाई पार्क)

उत्तर : दादा, चितळ्यांची बाकरवडी पाठवा, फिटिंग पाठवू नका.

दोन वर्षं मी आखातात एसीचं पाणी थंड करणाऱ्या चिलरच्या बंद लाइनींवर काम केलंय, रेडिएटरची लाइन त्याच जातीची. आपल्याकडं पाणी येतं, तापतं, बादलीत पडतं आणि जातं. तिथं बॉयलरमध्ये तापलेलं पाणी रेडिएटरमधून फिरून परत बॉयलरकडं येतं. तेच पाणी वर्षानुवर्षं. त्या पाण्यातला प्राणवायू सुरुवातीलाच थोडा गंज धरून संपतो, आणि मग साधं, मुलामा नसलेलं काळं लोखंडही आत छान टिकतं. उलट जीआय तिथं नको, त्याचं जस्त गरम पाण्यात सुटून चिखल होतो. मुलाला विचारा, दर वर्षी पाणी भरावं लागतं का? लागत असेल तर कुठंतरी गळतंय, आणि प्रत्येक ताज्या पाण्याबरोबर नवा प्राणवायू आत जातोय. रेडिएटर त्यानंच सडतात.

प्लास्टिकचा पाईप घालणार असेल तर प्राणवायू अडवणारा थर असलेलाच हवा. साध्या प्लास्टिकच्या अंगातून हवा आत झिरपते, पाणी मात्र बाहेर येत नाही, त्यामुळं कुणाला कळतही नाही. त्यासाठी त्यांचं मानक आहे, डीआयएन ४७२६, ते पाईपवर छापलेलं असतं. मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा असलेला कॉम्पोझिट पाईपही चालतो. त्याला त्याच कंपनीचे प्रेस, म्हणजे दाबून बसवायचे, सांधे घ्यावेत. पाईप एकाचा आणि सांधा दुसऱ्याचा, असं केलं की गळाल्यावर दोघंही हात वर करतात. पाणी तापून वाढतं त्याला जागा म्हणून फुग्याची टाकी असते, तिची हवा तपासायला सांगा. ती बसली असेल तर दाब वाढून सांधे गळतात, आणि पोरगा उगाच सांधे बदलत बसेल.

पिण्याच्या पाण्याची लाइन तिथं वेगळी असते. तिला रेडिएटरचं फिटिंग जोडायचं नाही. पितळातल्या शिशाचे नियम कडक आहेत, डीव्हीजीडब्ल्यू या तिथल्या गॅस-पाणी संस्थेचा शिक्का बघूनच माल घेतात. आपलं भंगारातलं पितळ तिथं नेऊन नातवाला पाजायचं काही कारण नाही.

प्रश्न : आजीचा तांब्याचा बंब माळ्यावर आहे. कल्हई करून आणला. नव्या न्हाणीघराच्या मिक्सरला जोडता येईल का? म्हणजे लाकडावर पाणी तापेल आणि शॉवरमधून येईल.
(एक तरुण, शिवाजी पेठ)

उत्तर : नाही रे भावा. बंब उघडं भांडं आहे, वरच्या तोंडातून वाफ जाते म्हणून तो शंभर वर्षं टिकला. त्याला बंद लाइनीत अडकवलास आणि नळ बंद असताना खाली जाळ राहिला तर तो बॉम्ब होतो. तुझ्या आजीनं तो जसा वापरला तसाच वापर. जाळ घालायच्या आधी पाणी भर, कोरडा तापला तर डाग लावलेले सांधे वितळून सुटतात. तोटी गळत असेल तर काढून माझ्याकडं आण. शंकू घासून बसवून देतो, चहाच्या बदल्यात. नवी पितळी तोटी विकत घेऊ नकोस, जुन्यातलं पितळ आता मिळत नाही.